वाटीवाचून देठ

सकाळी साडेसातपासून वच्छला गावंडे प्रयोगशाळेत एकटीच होती. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ती झुरळाच्या मेंदूचे काप एकामागून एक बघत होती आणि प्रत्येकाचं चित्र वहीत काढत होती. कॉलेजात तिला मिळणारी शांतता एवढीच, या तीन तासांची. साडेदहाला इंटरची मुलं आली ती दारातच थबकली. पुढच्या दोघी मुलींनी पदर नाकाला लावला, मागून कुणी तरी खाकरलं, आणि वच्छलानं मान वर केली तेव्हा सगळे तिच्याकडंच बघत होते. त्या बघण्यात थट्टा नव्हती. आश्चर्य होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे थोडा आदरही होता. मग प्रयोगशाळेचा शिपाई जानराव वाट काढत आत आला, क्षणभर उभा राहिला आणि सरळ तिच्याच टेबलाशी येऊन गुडघ्यांवर बसला. लाकडी चौथऱ्याखाली काठी घालून त्यानं जे ओढून काढलं ती फुगलेली, केस झडलेली घूस होती. मरून तीन दिवस तरी झाले असावेत. वच्छलाच्या पायांपासून वीतभर अंतरावर ती पडलेली होती. "बाई, इथं तं घूस सडून राहिली," जानराव म्हणाला, "तुमी बसल्या कशा?" वच्छलानं पेन्सिल खाली ठेवली. मला ठाऊक होतं, ती म्हणाली, म्हणूनच तुमची वाट बघत होते. खोटं इतकं सहज तोंडातून निघालं की पुढचा तासभर ती बेडकाच्या रक्ताभिसरणावर बोलत राहिली आणि आपण नेमकं कशाबद्दल खोटं बोललो हे तिला स्वतःलाच उमगत नव्हतं.

अंबापेठेतल्या भाड्याच्या खोलीवर ती परत आली तेव्हा उन्हं अजून गच्चीवर होती. तिनं दार लावून घेतलं आणि फळीवरचे डबे एकेक करून खाली काढले. हिंगाची डबी, लवंगा, कापूर. डबी नाकाशी धरून श्वास ओढला की हवा आत जात होती, गार लागत होती, आणि तिथंच संपत होती. शेवटी तिनं रॉकेलची बाटली उघडली. नाकात किंचित चुणचुण झाली. पण रॉकेल नव्हतं. बाटलीत काचेसारखं काही तरी हलत होतं, त्याला नाव नव्हतं. भिंतीला टेकून ती खाली बसली आणि मागं मागं जाऊ लागली. जूनच्या अखेरीस सगळ्या गावाला आलेला तो ताप तिलाही आला होता. सत्तावन्न सालचा तो ताप घराघरांत शिरला, कॉलेज आठ दिवस बंद राहिलं. ती उठली तेव्हा जेवण कागदासारखं लागत होतं. अशक्तपणा आहे, जाईल, असं ती स्वतःला सांगत राहिली. अडीच महिने सांगत राहिली. मेस चालवणाऱ्या काकूंच्या हातची चव गेली असंही तिनं मनात ठरवून टाकलं होतं, त्यांच्यावर रागावलीही होती. ज्या बाईला मेंदूत वास नेमका कुठं पोचतो हे शंभर कापांमधून बोटानं दाखवता येतं, तिला स्वतःला वास येत नाही हे अडीच महिने कळत नाही. या विचाराचं तिला हसू आलं असतं, पण त्याच वेळी तिला आठवलं की गेले कित्येक दिवस तिला आईच्या लुगड्याची आठवण आलेली नाही. आठवण म्हणजे त्या लुगड्याचा वास. रंग आठवत होता, काठ आठवत होता. लुगडं मात्र कुणा परक्या बाईचं झालं होतं.

सत्ताविसाव्या वर्षी वच्छलाजवळ दाखवण्यासारखं जे काही होतं ते या कापांमध्ये होतं. चार वर्षं ती डेमॉन्स्ट्रेटर होती आणि नागपूरच्या एका प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी.साठी काम करत होती. झुरळाची मिशी मेंदूत जिथं पोचते तिथं एक गोळा असतो. त्यात बारीक बारीक गाठी असतात, द्राक्षाच्या घडासारख्या. वास पहिल्यांदा तिथं उतरतो. तिथून तो वर चढतो, मेंदूच्या माथ्यावर देठांवर बसवलेल्या वाट्यांसारखे भाग असतात त्यांच्यात. आणि मेंदूच्या मधोमध काही पेशी अशा असतात की त्या निरोप नुसता पुढं पाठवत नाहीत, रस तयार करतात. एका विशिष्ट रंगात त्या गडद जांभळ्या दिसतात. हे सगळं पुस्तकात होतं. पुस्तकात नव्हतं ते तिला फेब्रुवारीत दिसलं होतं: वासाच्या गोळ्याच्या कडेलाही तशाच जांभळ्या पेशी होत्या, सात-आठच, पण प्रत्येक मेंदूत, त्याच जागी. म्हणजे वास जिथं पहिल्यांदा उतरतो तिथंच कुणी तरी रसाचा थेंब घेऊन बसलेलं होतं. भुकेलं झुरळ आणि पोट भरलेलं झुरळ एकाच भाकरीचा वास सारखाच घेत नसेल, तर ते का, याची सुरुवात इथं असू शकत होती. तिनं नागपूरला काचा पाठवल्या. दोन ओळींचं उत्तर आलं: हा रंगाचा गाळ आहे, धुण्यात कसूर झाली आहे, या निरीक्षणाचा प्रबंधात समावेश करू नये.

घुशीच्या प्रकारानंतर आठ-दहा दिवसांनी ते झालं. काचेवर चढवलेल्या कापांतलं मेण विरघळवायला झायलॉल वापरतात. ते भरलेली बाटली तिच्या कोपराच्या धक्क्यानं कलंडली आणि टेबलाच्या मागच्या बाजूनं पसरत गेली. हातभर अंतरावर स्पिरिटचा दिवा जळत होता. तिचा डोळा सूक्ष्मदर्शकाला होता. विभागप्रमुख पाठक सर काही कागदांवर सही घ्यायला आत आले, दोन पावलं टाकली आणि धावत येऊन त्यांनी पंजानं दिवा झाकला. त्यांचा तळवा भाजला. एवढी खोली कोंदली आहे आणि तुम्हाला कळत नाही, असं ते म्हणाले. वच्छला उभी राहिली. या वेळी तिच्या तोंडून खोटं निघालं नाही. जूनपासून मला वास येत नाही, तिनं सांगितलं. हेमचंद्र पाठक पन्नाशीचे, शांत गृहस्थ होते. ते ओरडले असते तर बरं झालं असतं असं तिला नंतर वाटत राहिलं. त्यांनी खिडक्या उघडल्या, भाजलेला हात नळाखाली धरला आणि पाठमोरे राहूनच बोलले. इथर, फॉर्मलीन, झायलॉल, या खोलीत माणूस नाकावर जगतो. दिवाळीनंतर तुम्ही फक्त तासांवर शिकवावं. काचा आणि वह्या ओमप्रकाशकडं द्याव्यात, तो पुढचं बघेल. ओमप्रकाश नुकताच लागलेला दुसरा डेमॉन्स्ट्रेटर होता, भला माणूस होता, आणि त्याला झुरळाचं शेपूट आणि डोकं यांत फारसा फरक वाटत नसे. वच्छलानं फेब्रुवारीपर्यंत मुदत मागितली. "हा शिक्षेचा प्रश्न नाही, मिस गावंडे," सर म्हणाले. "म्हणूनच मागते आहे, सर," ती म्हणाली. "शिक्षा असती तर भोगली असती." सरांनी नळ बंद केला. दिवाळीनंतर बघू, एवढंच म्हणाले.

दिवाळीला ती अकोल्याला गेली. बडनेऱ्याला गाडी बदलताना, मूर्तिजापूरला गाडी बराच वेळ थांबली तेव्हा, खिडकीतून तिला सगळं दिसत होतं आणि सगळं दूर होतं, जसं बहिऱ्या माणसाला लग्नघर दिसत असेल. एरवी अकोलं जवळ आलं की तिला डोळे मिटूनही कळायचं. कापसाच्या जिनांमधून तेलकट, धुळकट असा सरकीचा वास गाडीत शिरायचा. या वेळी स्टेशनची पाटी वाचून ती उतरली. घर जुन्या शहरात होतं, मुलांच्या शाळांसाठी वडिलांनी घेतलेलं. शेत गावाबाहेर चार कोसांवर. वडील भगवंतराव कापसाचे जाणकार होते. मूठभर कापूस नाकाशी धरून ते सांगत की हा पहाटेचा वेचलेला आहे की दुपारचा, यावर पाणी मारलंय की नाही. जिनवाले त्यांना मुद्दाम बोलावून नेत. पोरीला प्राणिशास्त्र शिकवायला नागपूरला पाठवली तेव्हा भावकी हसली होती, त्यावर ते म्हणाले होते की तिचं नाक माझं आहे, ती चुकायची नाही. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ती त्यांच्याबरोबर शेतावर गेली. पहिली वेचणी चालू होती. त्यांनी सवयीनं एक मूठ कापूस तिच्यापुढं धरला, सांग म्हणून. लहानपणापासूनचा खेळ होता तो. तिनं मूठ घेतली, नाकाशी नेली, आणि तसाच परत दिला. मग सांगितलं. भगवंतराव त्या कापसाकडं बघत राहिले, त्यातला काडीकचरा काढत राहिले. "डाक्टरले दाखवलं?" त्यांनी विचारलं. दाखवलं, ती म्हणाली. येईल कदाचित, नाही येणार कदाचित. "मंग नोकरीचं?" तिनं तेही सांगितलं. वडील काही समजूत घालतील अशी तिची अपेक्षा होती आणि भीतीही होती. त्यांनी तसं काहीच केलं नाही. तो कापूस त्यांनी एका वेचणारीच्या कमरेच्या ओट्यात टाकला आणि ते कपाशीच्या दुसऱ्या ओळीकडं चालू लागले, फक्त चार पावलांवर थांबून, मागं न बघता म्हणाले, "तुह्यं काम कोणाले देऊ नको."

घरी आई, कौशल्या, रडली. डाळ करपली तर हिला कोण सांगेल, उद्या लेकरू झालं तर त्याच्या अंगाचा वास हिला कसा कळेल, असं ती शेजारणीला सांगत होती, आणि वच्छला मागच्या खोलीत ते ऐकत होती. दुसऱ्या वाक्यानं तिला खरोखर लागलं. लग्नाचा विचार तिनं कधी पुढं ढकलला होता, कधी नाकारला होता, पण आईनं ते एक दार असं बंद करून दाखवलं तेव्हा त्यापलीकडं काही होतं हे तिला पहिल्यांदा जाणवलं. त्या दुपारी ती पुन्हा एकटीच शेतावर गेली आणि विहिरीच्या हौदाशी बसून राहिली. पाण्यावर चतुर उडत होते. एक लालसर चतुर हौदाच्या काठावरून सुटायचा, हवेतल्या हवेत चिलट पकडायचा, पुन्हा त्याच जागी येऊन बसायचा. ती बराच वेळ नुसती बघत होती, आईच्या शब्दांनी अजून दुखत होतं. मग तिचं लक्ष त्याच्या डोक्याकडं गेलं. सगळं डोकं म्हणजे डोळेच. मिशा म्हणाव्यात तर केसाएवढ्या. हा वासावर जगतच नाही. काहीच हुंगत नाही, आणि उपाशी मरत नाही. तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते शास्त्र नव्हतं, हेवा होता. दुसरा विचार मात्र तिला उठवून उभं करणारा होता. नागपूरकर म्हणतात तो जांभळा डाग गाळ असेल, तर गाळ जागा ओळखत नाही. तो चतुराच्या मेंदूतही पडेल. झुरळ आणि चतुर एकाच भांड्यात बुडवले, एकाच रंगात, एकाच धुण्यात, तर? तिनं पदराचा झोळ करून सहा चतुर पकडले, आणि आईच्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीतून दुसऱ्याच दिवशी ते अमरावतीला नेले. आई विचारत होती, अजून चार दिवस राहणार होतीस ना. काम आहे, ती म्हणाली, आणि आईच्या खांद्यावर क्षणभर डोकं टेकलं. लुगडं मऊ होतं. तेवढं पुरे असं तिनं मनाशी ठरवलं नाही; ते पुरत नव्हतंच. ती निघाली.

पाठक सरांपुढं तिनं एक कागद ठेवला. दिवा आणि झायलॉल एका टेबलावर कधीच राहणार नाहीत. मेणाच्या पेटीचं तापमान दर पाऊण तासाला वहीत लिहिलं जाईल. खिडक्या उघड्या राहतील, थंडीतसुद्धा. आणि शेवटची ओळ: जानराव दर अर्ध्या तासानं आत येऊन वास घेईल. ही शेवटची ओळ लिहायला तिला दोन दिवस लागले होते, कारण त्याआधी तिला जानरावला सांगावं लागलं होतं. तो व्हरांड्यात काचेची भांडी पुसत होता. तिचं बोलणं ऐकून त्यानं मान हलवली. "त्या घुशीच्या दिवशीच समजलं मले," तो म्हणाला. "तुमी सांगसान म्हून वाट पाहून राहिलो होतो." मग कागद सरांकडं गेला आणि सरांनी फेब्रुवारीपर्यंत सही केली. त्या हिवाळ्यात जानराव दारात येऊन उभा राहायचा, मान वर करून एक श्वास घ्यायचा, आणि जे असेल ते सांगायचा. मेन तापलं. बूच ढिलं हाय. काई नाई. कधी कधी तो न विचारताही सांगायचा, की बाहेर कुणी तरी शेंगा भाजून राहिलं, की आज मागच्या वाडीत मेथी कापली. पहिल्यांदा तिला ते सहन झालं नाही. तिनं त्याला थांबवलं नाही, पण त्याची पाठ वळल्यावर ती काही काळ नुसती बसून राहिली. पुढं पुढं ती ते ऐकू लागली, आपल्या नाकाला नव्हे तर डोक्याला काही मिळतं आहे असं समजून. शब्दानं वास येत नव्हता. शब्दानं फक्त जागा दिसत होती, जिथं तो असायला हवा होता.

चतुराचं डोकं कठीण निघालं. सहापैकी तीन मेंदू फाटले, चौथा मेणात आकसला. जानराव गावाबाहेरच्या तलावावरून आणखी आणू लागला, त्याच्या बायकोला, पंचफुलाला, हे वेड वाटत असल्याचंही त्यानं सांगितलं. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पाच झुरळं आणि पाच चतुर एकाच भांड्यातून निघाले. काचांवर तिनं नावं लिहिली नाहीत, नुसते आकडे घातले आणि आकड्यांची चिठ्ठी जानरावला खिशात ठेवायला दिली, म्हणजे बघताना मन आधी पुढं धावायला नको. अर्थात पहिल्याच कापात कोणती काच कुणाची ते कळलं. चतुराच्या मेंदूत वासाच्या गोळ्याच्या जागी सपाट, गाठी नसलेला एक लहानसा भाग होता. ती काप पुढं सरकवत गेली. मधल्या पेशी जांभळ्या होत्या, झुरळातही, चतुरातही. ज्यांबद्दल कुणाचीच शंका नव्हती त्या. वासाच्या जागेच्या कडेला झुरळात सात, आठ, सात. चतुरात एकही नाही. एकाही चतुरात, एकाही कापात नाही. गाळ असता तर पडला असता. ती उठली, खिडकीशी गेली, पुन्हा येऊन बसली, पुन्हा मोजलं. आनंद झाला असं म्हणता येणार नाही. भाड्याच्या खोलीत रॉकेलची बाटली हातात धरल्यापासून जे घट्ट आवळून धरलं होतं ते फक्त थोडं सैल झालं. आणि तेव्हाच तिला दुसरी गोष्ट दिसली. चतुराच्या मेंदूच्या माथ्यावर वाट्या नव्हत्या. पण देठ होते. वाटी गेली होती, किंवा कधी आलीच नव्हती, आणि तरी देठ जाड, भरदार, जिवंत धाग्यांचे होते. ते कशासाठी होते हे तिला माहीत नव्हतं.

पाठक सरांनी सगळ्या काचा बघितल्या, दोन दिवस बघितल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला आपल्यासमोर पहिल्यापासून सगळं करून दाखवायला सांगितलं, आणि तिनं दाखवलं, आठवडा गेला. मग त्यांनी नागपूरला स्वतः पत्र लिहिलं. नागपूरचं उत्तर या वेळी लांब होतं, कुरकुर करणारं होतं, पण शेवटी प्रकरण प्रबंधात घ्यावं असं होतं. तिच्या प्रयोगशाळेतल्या मुदतीबद्दल सर पुन्हा बोलले नाहीत. फेब्रुवारी गेला, जून आला, आणि कुणी काचा मागितल्या नाहीत. प्रबंध एकोणसाठ साली पूर्ण झाला. तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी सरांनी तिला खोलीत बोलावून सांगितलं की बाहेरून येणारे परीक्षक जुन्या वळणाचे आहेत. वासाचं केंद्र हा विषय, आणि संशोधकाला वास नाही, हे त्यांच्या कानावर गेलं तर ते तेवढंच धरून बसतील; निरीक्षणावर शंका घेतील. "लपवा म्हणत नाही," सर म्हणाले, "फक्त सांगायची गरज नाही."

परीक्षक सत्तरीचे होते, कानानं जरा कमी ऐकणारे, हात थरथरणारे. पण सूक्ष्मदर्शकावर हात ठेवला की थरथर थांबत होती. त्यांनी दोन तास प्रश्न विचारले. गाळ नाही कशावरून? धुण्याचं पाणी कोणतं? मध्यभागाचा रंग पहिल्यांदा उतरतो का कडेचा? वच्छला उत्तरं देत गेली. ज्याचं उत्तर नव्हतं तिथं नाही म्हणाली. देठ वाटीवाचून काय करतात, असं त्यांनी विचारलं तेव्हाही ती माहीत नाही म्हणाली. बहुधा डोळ्यांचं काही त्यांच्याकडं येत असावं, पण ते मला अजून दाखवता येत नाही. ते खूश झालेले दिसले नाहीत, नाराजही नाही. मग काच काढता काढता, जवळजवळ सहज, त्यांनी विचारलं की झुरळाचं काम चालू असताना हा चतुर मध्येच कसा सुचला. भिंतीशी बसलेल्या पाठक सरांनी तिच्याकडं बघितलं नाही. योगायोगानं, असं म्हणता आलं असतं. विहिरीवर दिसला, असंही म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही झालं नसतं. तिच्या मनात तेवढ्यात खूप काही येऊन गेलं: वडिलांच्या बोटांनी निवडलेला तो काडीकचरा, आईचं ते वाक्य, आणि वर्षभर एका माणसानं दारात उभं राहून तिच्यासाठी घेतलेले श्वास. हे सगळं पद्धतीचाच भाग होतं. प्रबंधात पाण्याचं तापमान लिहिलं होतं, मेणाचं लिहिलं होतं. हे लिहिलं नव्हतं.

"मला वास येत नाही, सर," ती म्हणाली. ते नीट ऐकू आलं नसावं म्हणून ती पुढं वाकली आणि पुन्हा, स्पष्ट म्हणाली. "दोन वर्षं झाली. माझ्या डोक्यातल्या त्या जागेचं काय झालं असेल, हा विचार करत होते. चतुर समोर होता."

म्हाताऱ्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि तिच्या चेहऱ्याकडं, मग तिच्या नाकाकडं, अगदी निर्लज्जपणे, नमुना बघावा तसं बघितलं. मग चष्मा खाली ओढला, खुर्ची पुढं घेतली आणि डोळा पुन्हा काचेला लावला.

"देठ दाखवा," ते म्हणाले. "पहिल्या कापापासून."